कुणाचं सांत्वन, कुणाचं आमिष

(आनेकल इथे रविवारच्या एका वाचन-मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर. श्रोते मुख्यतः जिगणी, बोम्मसंद्र आणि इलेक्ट्रॉनिक्स सिटीत कामाला आलेले मराठी तरुण-तरुणी होते.)

 

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करते. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामुळच्या रानातला. पुराणं सांगत त्यांचं कुटुंब देशभर फिरलं. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पंचविशी उलटायच्या आत ही बाई पदरात एक तान्ही मुलगी घेऊन उरली. १८८३ मध्ये तिने इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला.

तिला ख्रिस्तात काय दिसलं, हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. लंडनच्या फुलहॅममध्ये समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी जवळ करत होत्या, ते तिने पाहिलं. त्याच काळात तिला विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट भिडली. यहुदी ज्यांना विटाळ मानत, त्या लोकांतल्या बाईकडे येशू पाणी मागतो. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली ती उगाच नाही. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. उपासमारीत आपली माणसं गमावलेली बाई उपाशी मुली शोधत फिरत होती.

रमाबाईंचा हा प्रवास आपण आदराने वाचतो, वाचायलाच हवा. पण त्याच शतकातल्या दुष्काळांत नगर जिल्ह्यात महार-मांगांची अनेक घरं ख्रिस्ती झाली. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चालू होतं. भूक तीच, घरातली मढी तशीच. पण त्यांच्याबद्दल काय म्हटलं गेलं? ‘पोटासाठी बाटले.’ रमाबाईंच्या भुकेचा आध्यात्मिक प्रवास झाला, महारवाड्यातल्या भुकेचं आमिष झालं. रमाबाईंनी लिहिलं, लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. महारवाड्यातल्या बाईने रात्री कोणती प्रार्थना केली, हे सांगणारं तसं पुस्तक आपल्या हातात नाही. म्हणून तिच्या वतीने दुसरेच बोलतात.

हल्ली कायदाही बोलतो. कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतराविरुद्ध कायदा आला. त्यातली आमिषाची व्याख्या वाचून पाहा: भेटवस्तू, पैसा, नोकरी, फुकट शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन. बेकायदा धर्मांतर घडवणाऱ्याला एरवी तीन ते पाच वर्षं शिक्षा. पण ज्याचं धर्मांतर झालं ती व्यक्ती बाई असेल, अल्पवयीन असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर तीन ते दहा वर्षं. आपलं बरंवाईट आपल्याला कमी कळतं, हे त्यात गृहीत आहे. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने कायदा मागे घ्यायचं ठरवलं. ते गृहीतक मात्र अजून लोकांच्या डोक्यात आहे, आपल्या चळवळीतल्या काहींच्यासुद्धा.

आता इथलं सांगते. संशोधनासाठी मी याच तालुक्यातल्या वठारांत फिरते. वठार म्हणजे आपली चाळच, एका रांगेत एकेका खोलीची घरं आणि सामाईक नळ. तिथे बीदर जिल्ह्यातल्या एक बाई भेटल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. घरात मराठी, बाहेर कन्नड. जात मांग. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम. एकोणीस वर्षांचा मुलगा होसूर रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला.

गावी मरण झालं की भावकी धावून येते. खड्डा कोण खणणार, रात्री सोबतीला कोण बसणार, पहिल्या दिवशी भाकरी कुणाकडून येणार, हे ठरलेलं असतं. वठारात भावकी नसते. त्या बाईंकडे आल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी जमणाऱ्या मंडळीतल्या बायका. कुणी तेलुगू, कुणी तमिळ, एक ओडिया. एकमेकींची भाषा धड कळत नाही. महिनाभर पाळीपाळीने त्या बाईंच्या खोलीत झोपल्या. एकीने शवविच्छेदनाचे कागद आणले. एकीने सुपरवायझरशी बोलून रजा बिनपगारी का होईना, पण मिळवली. माझ्या घरात मृत्यू झाला तेव्हाही मंडळीतल्या बायकांनी आठवडाभर आमची चूल पेटू दिली नव्हती, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या बोलण्याचं. मी विचारलं, “देवाचा राग नाही आला?”

“आला की माय. रोज भांडते त्याच्यासंगं. ईयोब भांडला, मी का नको भांडू?”

ईयोबाची गोष्ट ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. त्याची दहाही लेकरं एका दिवसात जातात. मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, अवाक्षर न काढता. बिघडतं पुढे, ते तोंड उघडून तुझंच काही चुकलं असेल म्हणू लागतात तेव्हा. या बाईंना लिहिता-वाचता येत नाही; गोष्ट त्यांनी ऐकलेली. पण देवाला जाब विचारायला तिथे जागा आहे, हे त्यांनी बरोबर हेरलंय.

धर्म म्हणजे अफू, हे आपण एमएच्या वर्गात शिकतो. दुःख सुन्न करणारी श्रद्धा मीही पाहिली आहे. “रडू नका, देवाची योजना होती,” असं मयताच्या घरी सांगणारे पाळक पाहिलेत, आणि औषध बंद करायला लावणारेही. त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण या बाई सुन्न नाहीत. मुलाच्या अपघाताच्या भरपाईसाठी त्या न्यायाधिकरणात खेपा घालतात, आणि सोबत मंडळीतलीच कुणीतरी असते.

चर्चमध्ये जात नाही, असंही मी म्हणत नाही. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलित आणि बिगरदलित कबरींच्या मधली भिंत वर्षानुवर्षं वादाचा विषय आहे. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना मिशनांना याच मुद्द्यावर धरलं होतं. बौद्ध घरातल्या मित्रांना किसा गोतमी आठवेल. मूठभर मोहरीसाठी ती दारोदार फिरली. तिलाही वाट शेजारपाजारच्या घरांतूनच सापडली.

आता कागदाकडे येते, कारण इथे बसलेल्या बहुतेकांच्या पदवीमागे एक दाखला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. वस्तीत जात सुटत नाही, दाखला मात्र सुटतो, आणि त्याबरोबर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही.

अमरावतीच्या जात पडताळणी समितीने एका सतरा वर्षांच्या मुलीचा महार असल्याचा दावा फेटाळला. एक कारण, घरात येशूचा फोटो सापडला. घर बौद्ध होतं, फोटो कुणीतरी भेट दिलेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने समितीचा निर्णय रद्द केला. नुसत्या फोटोवरून धर्मांतर ठरत नाही, असं सांगितलं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वराणी प्रकरणात उलट बाजूची रेघ ओढली. बाप्तिस्मा झालेला, चर्चला नियमित जाणं चालू, आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागणं, ही राज्यघटनेशी फसवणूक ठरवली गेली.

म्हणजे फोटो चालतो, प्रार्थना चालत नाही. श्रद्धा सोयीची असती तर हे ओझं कुणी कशाला घेतलं असतं? आमिष म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवावा: या सौद्यात त्या बाईंना मिळालं काय आणि जाणार काय.

त्यांची धाकटी मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मुलाच्या कबरीवर लाकडी क्रूस आहे. कुणी त्याचा फोटो काढून दिला तर पोरीचा दाखला जाईल का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना दोन्ही निकाल समजावून सांगितले. सगळं ऐकून म्हणाल्या, “मग क्रूस ठेवू का काढू?”

गेल्या महिन्यात गेले तेव्हा क्रूस होता. त्यावर नाव घालायचं त्यांनी थांबवलंय.

एवढंच सांगायचं होतं. आता चर्चेत, ज्यांनी पडताळणी समितीला तोंड दिलंय त्यांनी आधी बोलावं.