क्षयाचे औषध आणि मक्तेदारी
(बुलढाणा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कापसाची वेचणी आटोपली की बुलढाणा जिल्ह्यातील कितीतरी भूमिहीन कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात. त्यांतील क्षयरोग्याची औषधे वाटेतच तुटतात आणि अर्धवट उपचारांतून रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू निपजतात. दोष मात्र रोग्याच्या निष्काळजीपणाला दिला जातो!

अशा रोग्याला पूर्वी दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागत. इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. जंतूचे ऊर्जानिर्मितीचे यंत्रच बंद पाडणारे बेडाक्विलिन २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या संशोधनात कंपनीपेक्षा सार्वजनिक पैसाच अधिक लागला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मालकी मात्र जॉन्सन अँड जॉन्सनची. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत असता, औषधाच्या क्षारावर नवे पेटंट मागून मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविण्याचा घाट होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्यास हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या, दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांनी हिरावलेली. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. (लोहियांचा तो जन्मदिन, हा योगायोग.) इतर कारखान्यांना औषध बनविण्याची वाट मोकळी झाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये बेडाक्विलिनसह चार औषधांचा, केवळ गोळ्यांचा, सहा महिन्यांचा उपचार सरकारने मान्य केला. पण सहा महिने म्हणजे स्थलांतराचा सबंध हंगाम. तेव्हा टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी आरोग्य केंद्र गाठावे. रोग्याच्या संमतीने त्याची नोंद पुढच्या जिल्ह्यात पाठवावयास लावावी आणि गोळ्या व दरमहा हजार रुपयांचे पोषणसाहाय्य कामाच्या ठिकाणीच मिळेल, असे लेखी घ्यावे.