इंग्रजीतील प्रयोगबदल व मराठीचा आधार
(शिक्षण परिषदेतील भाषण)



इंग्रजी वाक्याचा प्रयोग बदलणे हा पाठ वरच्या इयत्तांतील मुलांना अवघड वाटतो. या अडचणीचे मूळ पुष्कळदा इंग्रजीत नसून, आपण मराठीचा आधार कसा देतो यात असते.

'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य घ्या. आंब्याच्या जागी चिंच घातली की 'खाल्ली' होते. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग होय. परंतु इंग्रजीत त्याचे 'राम एट अ मँगो' असेच होते, आणि ते वाक्य 'ॲक्टिव्ह'च राहते. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असे एकदा मनावर ठसले, म्हणजे भूतकाळातील अशा प्रत्येक वाक्यापाशी मूल अडखळते. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावरून. इंग्रजीत तो ठरतो उद्देश्याच्या जागी करणारा आहे की ज्यावर क्रिया घडते ते आहे, यावरून.

मग योग्य आधार कोणता? तो आपल्या परिपत्रकांतच सापडेल. 'शाळा तपासण्यात आली' या वाक्यात तपासणारा सांगितलेला नाही. लक्ष शाळेवर आहे. 'द स्कूल वॉज इन्स्पेक्टेड' याचा भाव हाच.

आता रीत पाहू. 'द बॉइज क्लीन द रूम' यातील कर्म 'द रूम' प्रथम आणावे. खोली एक, म्हणून 'इज' घ्यावे. मुलगे अनेक म्हणून 'आर' घेऊ नये. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप ठेवावे: 'द रूम इज क्लीन्ड'. करणारा सांगणे अगत्याचे असेल तरच 'बाय द बॉइज' जोडावे. मूळ वाक्य भूतकाळी असल्यास 'इज'चे 'वॉज' होईल. 'स्लीप' या अकर्मक क्रियापदाला कर्मच नाही. तेव्हा 'द बेबी स्लीप्स' हे वाक्य बदलावयास देऊ नये.

शेवटी एक विनंती. वीस वाक्ये उलटसुलट करून घेण्यापेक्षा दोनच द्यावीत: 'गोपाळ ब्रोक द विंडो' आणि 'द विंडो वॉज ब्रोकन'. दुसऱ्या वाक्यात कोणाचे नाव गळाले, आणि ते कोणाच्या सोयीचे, हे मुलांना विचारावे. ज्या मुलाला हे उमगले, ते परीक्षेत गुण तर मिळवीलच. शिवाय उद्या वृत्तपत्र वाचताना 'हे कोणी केले?' असेही विचारील. व्याकरण शिकविण्याचे सार्थक त्यातच आहे.