चालकाची बाजू
हिंगोलीच्या तरुणाने न्यूझीलंडला जाऊन स्वतः मोटार हाकावी, यात मला आनंदच आहे. मे महिन्यात तेथे गर्दी ओसरलेली असते, वाहनेही आपल्यासारखीच डावीकडून चालतात. पण गर्दी ओसरते त्याला कारण असते. दिवस लहान होतो. ते-आनाऊ गावाहून मिलफर्डला जाणाऱ्या सुमारे १२० किलोमीटरच्या डोंगरी रस्त्यावर मे ते नोव्हेंबर चाकांना लावायच्या साखळ्या जवळ बाळगाव्याच लागतात.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठच तास आणि पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. सहलीत मालक आपण, चालकही आपणच. तक्रार कोणाकडे नेणार? म्हणून बेत आखतानाच चालकाची बाजू घ्या. उजेडात उरकेल तेवढेच अंतर धरा आणि एक दिवस मोकळा ठेवा.