कुलूप, किल्ली आणि अक्षरांची मोजदाद
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या विषयावर बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु मी ज्या शास्त्राविषयी बोलणार आहे त्याचा उगम अक्षरांतच आहे. ते शास्त्र म्हणजे गुप्तलेखन. तुम्ही मोबाइलवरून गावाकडे पैसे पाठविता, तेव्हा तो व्यवहार वाटेत कोणाला वाचता किंवा बदलता येत नाही, तो याच शास्त्रामुळे.

प्रथम निरोप कसा जातो ते पाहू. मोबाइलमधून निघालेल्या मजकुराचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील राउटर नावाची यंत्रे तो पत्ता वाचून पॅकेट पुढच्या यंत्राकडे सोपवितात. टपाल जसे एका कचेरीतून दुसरीकडे जाते, तसेच हे. मुक्कामी पोहोचल्यावर सर्व तुकडे क्रमाने जोडले जातात. पण हे टपाल म्हणजे उघडे पोस्टकार्ड आहे. वाटेत ते अनेकांच्या हाताखालून जाते, म्हणून मजकूर कुलूपबंद करावा लागतो.

सर्वांत साधे कुलूप रोमचा सेनानी ज्युलियस सीझर वापरीत असे. प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहावयाचे. आपल्या वर्णमालेत ‘कमल’ हा शब्द असा लिहिला तर ‘घलष’ होईल. येथे ‘पुढचे अक्षर घेणे’ ही झाली रीत आणि ‘तीन’ हा आकडा झाली किल्ली. हे कुलूप कच्चे आहे, कारण एक, दोन, तीन असे करीत सर्व आकडे तासाभरात तपासता येतात.

मग लोकांनी अक्षरांची मनाला येईल तशी अदलाबदल सुरू केली. इंग्रजीच्या २६ अक्षरांची अशी अदलाबदल किती प्रकारे होते? ४ या आकड्यावर सुमारे २६ शून्ये द्यावीत इतक्या प्रकारे! एकेक तपासू म्हटले तर कित्येक आयुष्ये पुरणार नाहीत.

तरीही हे कुलूप नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या विद्वानाने उघडून दाखविले. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, तर काही क्वचित. अरबीत अलिफ आणि लाम पुन्हा पुन्हा भेटतात. तेव्हा त्या भाषेतला एखादा साधा मोठा मजकूर घ्यावा, कोणते अक्षर किती वेळा आले ते मोजावे. मग गुप्त मजकुरातील चिन्हे मोजावीत आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. अक्षराने वेष बदलला तरी त्याची ये-जा बदलत नाही. या विषयावरील त्याचा ग्रंथ इस्तंबूलच्या हस्तलिखित संग्रहात विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आला. त्याच काळातील अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. अशी नावे घेऊन छाती फुगविणे सोपे आहे. त्यांच्यासारखे चिकाटीने मोजीत बसणे कठीण आहे. आज घरी गेल्यावर वर्तमानपत्रातील एक परिच्छेद घ्या आणि त्यातील ‘त’ किती व ‘ळ’ किती ते मोजा. तुमचा पहिला प्रयोग झाला.

पुढे १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स याने एक मोलाचा नियम सांगितला : कुलपाची रीत शत्रूला कळली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजही कुलपांची रीत पुस्तकांत उघड छापलेली असते. जगातील कोणीही ती शिकावी.

मात्र एक अडचण शतकानुशतके होती. किल्ली समोरच्या माणसाला पोहोचवायची कशी? वाटेत तीच चोरीला गेली तर? १९७६ साली व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी यावर नवा मार्ग सुचविला. असे समजा की, तुम्ही आपली उघडी कुलपे गावभर वाटलीत आणि किल्ली खिशात ठेवलीत. कोणीही पेटीत निरोप ठेवून तुमचे कुलूप दाबावे. उघडणार फक्त तुम्ही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी असे कुलूप अंकगणितातून घडविले. ५३ ला ६१ ने गुणा, ३२३३ येतात. मिनिटाचे काम. आता मित्राला केवळ ३२३३ सांगा आणि कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार ते विचारा. तो बराच वेळ डोके खाजवील. खऱ्या कुलपात ही संख्या सहाशेहून अधिक अंकी असते, तेथे मोठमोठे संगणकही हात टेकतात.

मग प्रश्न येतो : कुलूप इतके भक्कम, तर लोक फसतात कसे? पालकहो, चोर आता कुलूप फोडीतच नाही. तो किल्ली मागून घेतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना फोन आला, “मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आलेला आकडा सांगा.” त्यांनी विश्वासाने ओटीपी सांगितला आणि शिलाईकामाचे साठविलेले पैसे गेले. त्याहून मोठे नुकसान पुढे झाले. घाबरून त्यांनी मुलीचा मोबाइल काढून घेतला आणि संगणकाचा वर्गही बंद केला. “सर, ही भानगडच नको,” असे ते मला म्हणाले. त्यांचे दुःख मी जाणतो. पण मुलीने काय केले होते? ओटीपी म्हणजे किल्ली, एवढे घरात कोणाला ठाऊक असते तर पैसे वाचले असते; आणि ते ठाऊक होण्याची जागा तर तो वर्गच होता. ती मुलगी आता वर्गात परत आली आहे, आणि घरातील बँकेचे संदेश तीच वडिलांना वाचून दाखविते.

म्हणून चार गोष्टी गाठीशी बांधा. ओटीपी व पिन कोणालाही सांगू नका, मागणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवीत असला तरी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ असले म्हणजे वाट सुरक्षित आहे इतकेच. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असे नव्हे. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा, कारण जितका उशीर तितके पैसे दूर जातात.

विद्यार्थी मित्रांनो, या शास्त्राला सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. वही, पेन्सिल आणि मोजण्याची चिकाटी पुरते. पालकहो, किल्ली जपा. पण शिकण्याच्या दाराला, विशेषतः मुलींच्या, कुलूप लावू नका.