अपत्यहीन दांपत्यांची तपासणी आणि भ्रमणध्वनीवरील संदेश
(भाषणाचा मजकूर)



लग्नाला तीन-चार वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की वऱ्हाडातील खेड्यात चौकशीला प्रारंभ होतो तो सुनेपासून. तिला देवाला नेतात, अंगारा लावतात, पुढे तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतात. तिचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, कधीकधी दुर्बिणीची तपासणीसुद्धा होते. एवढे सगळे पार पडल्यावर कोणाला तरी आठवण होते, की नवऱ्याची तपासणी अजून झालेलीच नाही. वस्तुतः पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही या साऱ्या तपासण्यांमध्ये सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित होय. जवळजवळ निम्म्या अपत्यहीन जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. असे असूनही ती शेवटी होते. हा क्रम उलटा आहे, आणि तो सरळ करण्याच्या कामी प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीचा काही उपयोग होईल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एक वर्ष नियमित सहवास घडूनही गर्भधारणा न झाल्यास तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे; पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहांमागे एका व्यक्तीस आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीला तोंड द्यावे लागते. अर्थात ही एखाद्या घराण्याची किंवा एखाद्या सुनेची नामुष्की नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी परीक्षानळीच्या साहाय्याने गर्भधारणा झालेले बालक जन्मास आले, तेव्हापासून लोकांच्या मनात 'मूल होत नाही म्हणजे टेस्ट ट्यूब' असे एक समीकरण बसले आहे. पण त्या दारापर्यंत अनेक जोडप्यांना जावेही लागत नाही. साध्या तपासणीत थायरॉईडचा विकार, अनियमित स्त्रीबीज, गर्भनलिकेतील अडथळा किंवा लक्षणांवाचून राहिलेला गर्भाशयाचा क्षय उघडकीस येतो, आणि त्यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. प्रश्न आहे तो तपासणी पुरी होण्याचा.

ती पुरी का होत नाही? कारण ही तपासणी पंचांगावर नव्हे, तर पाळीच्या दिवसांवर चालते. बीजकोशाचे कार्य दर्शविणारी काही संप्रेरके पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी रक्तातून पाहावी लागतात. गर्भनलिका मोकळ्या आहेत किंवा नाहीत हे पाहण्यासाठी औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतात. ते रक्तस्राव थांबल्यावर आणि स्त्रीबीज सुटण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान घ्यावे लागते, आणि पाळी आल्यापासून त्या दिवसापर्यंत पतिपत्नींनी सहवास टाळावा लागतो. बीज सुटले की नाही याची रक्ततपासणी पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी होते. जिची पाळी २८ दिवसांची तिला तो एकविसावा दिवस. जिची ३५ दिवसांची तिला अठ्ठाविसावा. 'एकविसाव्या दिवशी या' असे सरसकट सांगितले, तर दुसऱ्या बाईचा अहवाल चुकीचा येतो आणि नसलेला दोष तिच्या माथी बसतो. थायरॉईडची तपासणी मात्र कोणत्याही दिवशी चालते, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर त्यासाठी एक महिना उगाच थांबले जाते.

हे सर्व दवाखान्यात एकदाच, घाईत, चिठ्ठीवर लिहून दिले जाते. चिठ्ठी घरी डब्यात राहते. आता धारणी तालुक्यातील एखाद्या जोडप्याचा विचार करावा. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाट मेळघाटच्या घाटातून. जाण्यायेण्यात दोघांचीही मजुरी बुडते. एवढा प्रवास करून 'डफरीन'च्या म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयाच्या दारात पोहोचावे आणि 'आज बारावा दिवस आहे, पुढच्या महिन्यात या' असे ऐकावे, असे दोनदा घडले म्हणजे तिसऱ्यांदा ते जोडपे येत नाही. अकोला जिल्ह्यात अंतरे कमी आहेत, तरी तेल्हारा किंवा पातूरच्या शेतमजुराला लेडी हार्डिंग रुग्णालयात येणे म्हणजे एक दिवसाचा रोजगार सोडणेच आहे. त्यात कापूस वेचणीचे दिवस असले म्हणजे विचारूच नये. मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. पती एका ठिकाणी आणि पत्नी दुसऱ्या ठिकाणी असल्यास महिन्याचे दिवस मोजण्यालाही अर्थ उरत नाही. तपासणीचे वेळापत्रक आखताना अशा गोष्टी कागदावर येत नाहीत, पण त्याच निर्णायक असतात.

या ठिकाणी संदेश कामास येतो. पाळी आली त्या दिवशी स्त्रीने ठरलेल्या क्रमांकावर एक अंक पाठवावा किंवा नुसता मिस्ड कॉल द्यावा. ग्रामीण भागात मिस्ड कॉलची भाषा सर्वांना अवगत आहे आणि तिला पैसा लागत नाही. तेथून पुढे दिवस मोजण्याचे काम संगणकाचे. तिची पाळी किती दिवसांची, तिसरा दिवस रविवारी किंवा दिवाळीच्या सुटीत येतो काय, हे पाहून तिला आदल्या दिवशी एक निरोप जाईल आणि तिने 'येणार' किंवा 'येणार नाही' एवढे कळवावे. येणार नसेल तर पुढील महिन्याची गणना आपोआप सुरू. यात नवीन असे काही नाही. २०२१ साली कोविड लसीकरणाच्या वेळी लसीची तारीख अशाच संदेशांतून घरोघरी कळत होती, आणि आजीबाईसुद्धा नातवाकडून तो संदेश वाचून घेत होत्या.

तथापि लसीचा संदेश नातवाने वाचला तर बिघडत नाही. हा संदेश कोणी वाचावा, हाच येथे खरा कळीचा मुद्दा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले, की देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळ त्या स्वतः वापरतात असा भ्रमणध्वनी आहे, आणि अशा स्त्रियांपैकी ७१ टक्क्यांना लिखित संदेश वाचता येतो. उरलेल्यांच्या बाबतीत फोन नवऱ्याचा, दिराचा किंवा सासऱ्याचा. त्यावर 'वंध्यत्व तपासणी' असे शब्द झळकले, तर ती वार्ता सायंकाळपर्यंत पारावर जाईल. यास्तव संदेशात रोगाचे नाव नको, विभागाचे नाव नको, तपासणीचेही नाव नको. 'आपली भेट बुधवारी सकाळी ९ वाजता आहे. जुने कागद आणावेत.' एवढे पुरे. कोणती तपासणी, हे दवाखान्यात पहिल्या भेटीतच समजावून दिलेले असावे. नोंदणीच्या वेळी 'हा फोन कोणाजवळ असतो आणि कोणत्या वेळी आपल्या हाती येतो' असे त्या स्त्रीला एकटीला विचारावे. तिने संदेश नको म्हटल्यास तो जाऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने केलेल्या कायद्याच्या मुळाशीही संमतीचे हेच तत्त्व आहे.

वर दिलेला नमुना ५३ चिन्हांचा आहे, आणि हा हिशेब क्षुल्लक नाही. रोमन लिपीत एका संदेशात १६० चिन्हे मावतात. देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. 'स्त्री' हा एका अक्षराचा शब्द सहा चिन्हांची जागा घेतो. कार्यालयीन मराठीची सवय असलेल्या हाताने मसुदा लिहिला, तर 'उपरोक्त संदर्भान्वये' एवढ्यातच चतुर्थांशाहून अधिक जागा खर्ची पडते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संदेशाचा मसुदा आगाऊ नोंदवावा लागतो, म्हणजे मागाहून वाटेल तसा बदल करता येत नाही. म्हणून तो लिहिताना एखाद्या आशाताईला समोर बसवून वाचून दाखवावा आणि तिला कळला नाही तर तो फाडून टाकावा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजातील संदेश आहे, आणि त्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'आरमान' या संस्थेने २०१४ पासून 'एममित्र' या नावाने गरोदर स्त्रियांना त्यांच्या भाषेत आणि त्यांनी निवडलेल्या वेळी आरोग्याचे निरोप ऐकविण्याचा उपक्रम चालविला. केंद्र शासनाची 'किलकारी' योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. तीत गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत ७२ संदेश फोनवर ऐकविले जातात. या योजनांचे मोल मोठे आहे. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये: त्यांचा पहिला संदेश गर्भ राहिल्यावरच जातो. जिला दिवस गेलेच नाहीत ती या मालिकेत येत नाही. गावपातळीवर तिचे नाव असते ते पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत, आणि ती नोंदवही जन्माला आली ती कुटुंबनियोजनासाठी. जिला मूल हवे आहे तिच्या घरी आरोग्यसेविका मुले थांबविण्याची साधने घेऊन जाते, हा विरोधाभास कित्येक सेविकांनाही बोचतो. त्याच नोंदवहीतील जोडप्यांपैकी वर्षभरात अपत्य न झालेली आणि अपत्याची इच्छा असलेली जोडपी निवडून त्यांच्या संमतीने ही संदेशमालिका सुरू करता येईल. नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. मेळघाटात मात्र आवाज कोरकू भाषेतला हवा, आणि जेथे मनोऱ्याची रेंज पोहोचत नाही तेथे आशाताईच्या पायांना पर्याय नाही.

आता पुन्हा पुरुषाकडे वळावे. मालिकेतील पहिला संदेश पत्नीला न जाता पतीला गेला पाहिजे. त्याच्या तपासणीला पाळीचे दिवस पाहावे लागत नाहीत. सूचना मोजक्याच: तपासणीपूर्वी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस संयम पाळावा, नमुना शक्यतो रुग्णालयातच द्यावा, कारण तो शरीराच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो आणि तेल्हाऱ्याहून एस. टी.ने ते साधत नाही. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असल्यास सांगावे, कारण शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो आणि तापाचा परिणाम तेवढा वेळ राहू शकतो. पहिला अहवाल कमी आला तर घाबरून न जाता तपासणी पुन्हा करावी. तंबाखू आणि खर्रा सोडण्याविषयी एक वाक्य जोडल्यास ते वाया जाणार नाही, जरी वऱ्हाडात ते कितपत मानले जाईल याविषयी शंका बाळगण्यास जागा आहे. पुरुषाच्या फोनवर, पुरुषाच्या नावाने, दवाखान्याचा निरोप आला, एवढ्यानेच त्या घरातील बोलण्याचा रोख थोडा बदलेल. सासूच्या तोंडून सुनेला जे ऐकावे लागते त्यावर कोणताही कायदा पुरेसा पडत नाही. पण 'त्यालाही बोलावले आहे' हे तीन शब्द त्या सुनेला उपयोगी पडतील.

तपासणी लांबली की त्या पोकळीत कोण शिरते, हे सरपंचांना ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत, मूल न होणाऱ्या स्त्रीला दैवी शक्तीने अपत्य होईल असे सांगून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणे हे कृत्य स्पष्टपणे नमूद आहे. असे कलम घालावे लागले, यातच बरेचसे आले. पंचायत सदस्यांनी अशा 'बाबां'चे नाव पोलीस ठाण्यात कळविण्यास कचरू नये. शहरांतील जाहिरातबाज केंद्रांबाबतही सावधगिरी हवी: २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्रास नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र मागून पाहण्याचा संकोच कोणी करू नये. शिक्षकांकडून अपेक्षा आहे ती भाषेची. 'वांझ' हा शब्द शेतीच्या जमिनीलाही लावू नये असे मुलांना वर्गात सांगणारा एखादा गुरुजी गावात असला, तर बारशाच्या दिवशी दारामागे उभ्या राहणाऱ्या बाईला पुढे बोलावणारेही कोणी निघेल.

संदेशाने काय करू नये, हेही ठरवून ठेवले पाहिजे. अहवाल संदेशाने कळवू नये. चांगला असला तरी नको, वाईट असला तर मुळीच नको. तो पती-पत्नी दोघांना समोर बसवून, डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने सांगावा. गर्भ राहिला, तर त्या स्त्रीचे नाव या मालिकेतून काढून गरोदर मातांच्या नोंदीत त्याच दिवशी जावे, म्हणजे पुढे 'किलकारी'चा फोन येईल. आणि गर्भ राहून तो गेला, तर? तेव्हा बाळाच्या वाढीचे निरोप तिच्या फोनवर येतच राहणे याइतकी निर्दय गोष्ट नाही. नोंद बदलण्याचा अधिकार उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला तत्काळ असावा. त्यासाठी वरून मंजुरीची वाट पाहावी लागू नये. ज्यांचे उपचार थांबले आहेत आणि ज्यांना दत्तकाचा मार्ग विचारायचा आहे, त्यांच्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची नोंदणी ऑनलाइन होते. अर्ज कसा भरावा याचे मार्गदर्शन जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिळते. दांपत्याचे स्थिर वैवाहिक जीवन किमान दोन वर्षांचे असावे लागते. हा पत्ता मालिकेच्या शेवटच्या संदेशात द्यावा, पण तो संदेश जोडप्याने विचारल्यावरच पाठवावा.