नेट नसतानाची नोंद: ती राहते कुठे?

(ग्रामसंघांच्या सचिव व लिपिका ताईंच्या प्रशिक्षणात केलेलं बोलणं)



पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्याला पाठ आहे: नियमित हिशोब लेखन. आता वहीसोबत फोनमध्येही नोंदी करता. क्रोममध्ये हिशोबाचं पान उघडायचं, बचत भरायची, हप्ते भरायचे. नेट नसलं तरी ते चालतं. पण नेट नाही, तर ती नोंद जाते कुठे?

ती त्या फोनमध्येच, क्रोमच्या स्वतःच्या पेटीत राहते. पहिल्यांदा नेट असताना पान फोनवर उतरतं आणि पुढे नेटशिवाय उघडतं. प्रत्येक वेबसाइटसाठी ब्राउझर वेगळा कप्पा ठेवतो. तुमच्या फोनमधली नोंद अध्यक्ष ताईंच्या फोनवर दिसणार नाही. त्याच फोनवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडलं, तरी ते कोरंच दिसेल. आणि इन्कॉग्निटोमध्ये भरलेलं सगळं ती खिडकी बंद केली की जातं.

ही पेटी रिकामी होऊ शकते. फोनमध्ये जागा नाही म्हणून घरातलं कुणी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कुकी आणि साइट डेटा’ पुसतं, आणि नोंदी जातात. नुसती ‘कॅशे’ पुसली तर सहसा नोंदी जात नाहीत. हा फरक घरच्यांनाही सांगून ठेवा. जागा फारच कमी पडली तर ब्राउझर स्वतःही जुना साठा काढू शकतो. फोन हरवला, पाण्यात पडला, तर विचारायलाच नको.

यात नुकसान कुणाचं? समजा एका ताईनं 10,000 रुपये कर्ज घेतलं, व्याज महिना 2 टक्के. हजाराचे 4 हप्ते फेडले, बाकी 6,000. म्हणजे महिन्याचं व्याज 120 रुपये. त्या 4 नोंदी गेल्या, तर पान बाकी दाखवणार 10,000 आणि व्याज 200. म्हणजे दर महिन्याला 80 रुपये जास्त, वर फेडलेले 4,000 पुन्हा तिच्या डोक्यावर. तिच्या पासबुकावर सही नसेल तर ती बोलणार कशाच्या जोरावर? गटात भांडण लागायला एवढं पुरतं.

म्हणून पेटीतली नोंद फाईल करून बाहेर काढायची. पानावर ‘फाईल जतन करा’ किंवा ‘एक्सपोर्ट’ असं बटण असतं. ते दाबलं की फाईल डाउनलोड्स फोल्डरमध्ये येते. फोनवर बहुतेक वेळा दर खेपेला नवी प्रत पडते आणि नावापुढे (1), (2) लागत जातं. मग ताजी कोणती, कळत नाही. म्हणून नावात तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘सावित्री-गट-2025-06-05’. अशी नावं फोल्डरमध्ये आपोआप क्रमानं लागतात.

ती फाईल परत वाचता येते का, हेही बघायचं. दुसऱ्या फोनवर तेच पान उघडा, ‘फाईल उघडा’ दाबा, फाईल निवडा. एकूण बचत आणि कर्जबाकी वहीशी जुळली, तरच ती प्रत खरी. मात्र ज्या फोनमध्ये आधीच नोंदी आहेत तिथं फाईल भरताना जपून. काही पानं जुन्या नोंदी पुसून नव्या घालतात. आधी तिथलीही प्रत काढून घ्या. आणि एका गटाच्या नोंदी एकाच फोनवर करा. दोन फोनवर अर्ध्या-अर्ध्या केल्या तर जुळवताना दमछाक होते.

काही ताई विचारतात, हे पान आमचे फोटो, कागद बघत असेल का? वेब पानाला फोनमधल्या फाईली आपणहून उघडता येत नाहीत. आपण निवडून देऊ तेवढीच फाईल त्याला वाचता येते. म्हणून फाईल निवडताना घाबरू नका, पण नाव वाचूनच निवडा.

अजून एक. या फाईलमध्ये बायकांची नावं आणि कर्ज असतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकायची नाही. अध्यक्ष ताई आणि ग्रामसंघाच्या लिपिका, दोघींनाच द्यायची. त्यांनी ती फक्त ठेवायची, उघडून आकडे बदलायचे नाहीत.

पुढच्या बैठकीपासून उठण्याआधी एवढं करा: फाईल काढा, तारखेचं नाव द्या, दोघींना पाठवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवर उघडून वहीशी जुळवा. आणि इतिवृत्तात एक ओळ लिहा, ‘आजची फाईल काढली, अमुक दोघींकडे दिली.’ रोकडवही आणि पासबुकावरची सही मात्र सोडायची नाही. हप्ता भरणाऱ्या ताईच्या हातात तिचा पुरावा तोच असतो.

आता फोन काढा. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येकीची एक फाईल काढून बघू.