ताजमधला चहा



मुंबईचं ताजमहाल हॉटेल म्हटलं की डोळ्यांपुढे शेजारचा गेटवे ऑफ इंडियाही येतो. पण गेटवे धाकटा. तो खुला झाला १९२४ साली. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ पासून चालू आहे. जमशेटजी टाटांनी ते उभारलं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं व्हायच्या आधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला, असं सांगतात ना, ती निव्वळ थाप. दार मुद्दामच शहराकडे होतं. बग्ग्या तिकडून यायच्या. समुद्र मिळाला खोल्यांना.

आम्हा मध्यमवर्गीयांची धाव तिथल्या सी लाउंजपर्यंत. मामांना बढती मिळाली तेव्हा सगळ्यांना घेऊन गेले. खिडकीतून बोटी दिसत होत्या. चकचकीत किटली, वेगळी गाळणी, कडा कापलेली काकडीची सँडविचेस. आणि शेजारच्या टेबलावर चक्क भेळ! पलीकडे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम रंगला होता. सी लाउंज त्यासाठी प्रसिद्धच. मामी हळूच म्हणाल्या, "इथले कांदेपोहे बरेच महागात पडत असतील हो."

रात्रीचा ताज मात्र आम्ही पाहिला नाही. तिथे मिकी कोरियांचा बँड वाजायचा. चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट वाजवायचे. हेच चिक स्टुडिओत संगीतकार सी. रामचंद्रांना साथ करायचे. त्यांच्या 'अलबेला' सिनेमाची गाणी तुम्ही रेडिओवर ऐकली असतील, तर ताजचा डान्स फ्लोअर घरबसल्या तुमच्या कानी पडलाय. रामचंद्रांच्या चालींत तो झोक उगाच नाही आला.

भटारखान्यातही गोवाच. मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास, सगळ्यांचे 'मासी', तिथले नावाजलेले शेफ होते. साहेबी जेवणाचं कौतुक झालं, पण ते रांधणारे हात इथलेच होते, हे फारसं कुणी बोलत नाही.

तुमच्या घरात कुणी मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात, बँडमध्ये, वाढपात नोकरी केली असेल, तर त्यांना बोलतं करा. ते काय रांधत, काय वाजवत, लिहून ठेवा.